पक्षाघात कक्ष आणि विशेष परिचारिका : एक वाटचाल

महाविद्यालयाच्या या महोत्सवी स्मरणिकेत एकेका विभागाची वाटचाल नोंदवली जात आहे. समितीने माझ्याकडे सोपवला तो पक्षाघात कक्षाचा इतिहास. आपल्या आवारातल्या एखाद्या वॉर्डापुरता तो मर्यादित नाही. ‘स्ट्रोक युनिट’ या नावाने देशोदेशी रुजलेली ही एक संस्थाच आहे आणि ज्या परिचारिकांच्या हातांवर ती उभी राहिली, त्यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय तिचा इतिहास पुरा होत नाही. माझी सगळी नोकरी आधी अधिपरिचारिका, मग परिसेविका आणि शेवटची वर्षे पाठ्यनिर्देशिका म्हणून झाली. त्यामुळे हे काम मी आनंदाने पत्करले.

पक्षाघात म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा अचानक तुटणे. कधी रक्तवाहिनीत गुठळी अडकते, कधी रक्तवाहिनी फुटते. कोणी लकवा म्हणते, कोणी अर्धांगवायू; गावाकडे ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात.

नोकरीच्या पहिल्या वर्षांत मेडिकल वॉर्डात माझी नाइट असताना एक आजी दाखल झाल्या. उजवी बाजू गेलेली, वाचा बंद. वॉर्ड भरलेला, खाटांच्या मधल्या जागेत गाद्या टाकलेल्या, ड्यूटीवर मी आणि एक मावशी. पहाटे सुनेने मायेने आजींना चमच्याने चहा पाजला. ठसका लागला नाही, म्हणून कोणाला काही वाटले नाही. दोन दिवसांनी ताप चढला, छाती भरली आणि आजी गेल्या. ‘पोटात काहीच नव्हतं हो सिस्टर, म्हणून चार चमचे दिले,’ असे ती सून मला पुन्हा पुन्हा सांगत राहिली. पक्षाघातात घशाचे स्नायूही दुबळे होतात, आणि चहा-पाणी ठसका न लागतासुद्धा श्वासनलिकेत उतरू शकते, हे मला वर्गात शिकवलेले होते. पण त्या रात्री ते पाहणे कोणाचे काम होते, हे कुठेच लिहिलेले नव्हते.

‘हे काम कोणाचे?’ या प्रश्नाचे उत्तर हळूहळू कसे सापडत गेले, त्याचाच हा इतिहास आहे.

पायाभरणी : १८५९ ते १९४९

या इतिहासाची सुरुवात एका आजीपासूनच होते. लंडनमधील जोहाना, लुईसा आणि एडवर्ड चँडलर ही पोरकी भावंडे आजीजवळ वाढली. पुढे आजीला पक्षाघात झाला. अशा रुग्णाला ठेवून घेणारे, त्याची निगा राखणारे रुग्णालय नसल्यामुळे घरच्यांचे किती हाल होतात, ते या भावंडांनी भोगले. बहिणींनी मणी आणि शिंपल्यांच्या शोभेच्या वस्तू करून विकल्या आणि २०० पौंड उभे केले. २ नोव्हेंबर १८५९ रोजी लंडनच्या महापौरांच्या अध्यक्षतेखाली सभा भरली. महापौर डेव्हिड वायर यांना स्वतःला पक्षाघाताचा अनुभव होता. १८६० मध्ये क्वीन स्क्वेअर येथील एका घरात ८ खाटांचे रुग्णालय सुरू झाले. ब्राउन-सेकार, ह्यूलिंग्ज जॅक्सन, गॉवर्स, हॉर्स्ली ही मेंदूविज्ञानातील मोठी नावे पुढे याच रुग्णालयाशी जोडली गेली. त्यांच्यावर ग्रंथ लिहिले गेले आहेत. परंतु पहिली वीट रचली ती आजीची सेवा करणाऱ्या नातींनी, हे आपल्या व्यवसायातील प्रत्येकीने लक्षात ठेवावे असे मला वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे व्यवस्थापन आणि डॉक्टर यांच्यात काही मतभेद झाले. ते मिटले आणि काम पुढे चालू राहिले.

दुसरी मोठी घटना १९३५ ची. लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडे शेजारच्या अनाथ-गरिबांच्या आश्रमातील रुग्ण सोपवले गेले. ७१४ माणसे, बरीचशी वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेली, त्यांत पक्षाघाताचे पुष्कळ. डॉ. मार्जोरी वॉरन यांनी एकेकाला तपासले तेव्हा लक्षात आले की, अनेक जण केवळ कोणी उठवले नाही म्हणून पडून राहिले आहेत. त्यांनी परिचारिकांच्या साथीने वॉर्डच बदलून टाकला. रुग्णांना खुर्चीत बसवले, उभे केले, पावले टाकायला लावली. त्यांतील कित्येक आपल्या पायांनी घरी गेले. वॉरनबाईंचे नाव वृद्धांच्या वैद्यकशास्त्राच्या प्रवर्तक म्हणून घेतले जाते. दर दोन तासांनी हात देऊन उठवणाऱ्या सिस्टरांची नावे कुठे नोंदलेली नाहीत. या लेखापुरते त्या सर्वांचे श्रेय एकत्र मांडते.

१९५० ते १९७९

ही तीन दशके चाचपडण्याची होती. साठच्या दशकात हृदयविकाराच्या रुग्णांसाठी मॉनिटर लावलेले खास कक्ष निघाले आणि मृत्यू कमी झाले. तेच मेंदूला लागू पडेल म्हणून पक्षाघातासाठीही तसे अतिदक्षता कक्ष काढून पाहिले गेले. त्यांतून अपेक्षित फायदा दिसला नाही. पडद्यावरची रेघ पाहून हृदयाचा बिघडलेला ठोका कळतो आणि लगेच उपाय करता येतो. पक्षाघाताचा रुग्ण मात्र बहुधा अशा रेघेवर न दिसणाऱ्या गोष्टींनी दगावतो: छातीत उतरलेले पाणी, पायात धरलेली गुठळी, पाठीवरची जखम, लघवीच्या नळीतून गेलेला जंतू. या सगळ्या गोष्टी परिचारिकेच्या हातातल्या.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मोर्ली रुग्णालयात पहिला सीटी स्कॅन झाला. तोवर जिवंत माणसाच्या मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव, हे खात्रीने सांगता येत नसे. त्याच सुमारास फिजिओथेरपिस्ट बर्टा बोबाथ यांची पद्धत वॉर्डात आली. लुळ्या हाताखाली उशी हवी, खांदा ओढून रुग्णाला उचलायचे नाही, त्याच्याशी दुबळ्या बाजूने बोलायचे. त्या पद्धतीतील सगळेच पुढच्या संशोधनात टिकले नाही. पण फिजिओथेरपिस्ट दिवसात अर्धा तास येतो आणि उरलेले साडेतेवीस तास सिस्टरच्या हाती असतात, हे भान वॉर्डात आले ते तेव्हापासून.

या काळात आपल्या मुंबईतही एक गोष्ट घडली. ती पक्षाघाताची नाही, तरी येथे नोंदवणे मला आवश्यक वाटते. केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये हल्ला झाला, मेंदूचा प्राणवायू तुटला आणि त्या अंथरुणाला खिळल्या. मे २०१५ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत, म्हणजे ४१ वर्षांहून अधिक काळ, केईएमच्या परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांना जपले. इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर बेडसोर होऊ दिला नाही, याची दखल देशाने घेतली. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात या परिचारिकांचा गौरव केला. शुश्रूषेची ताकद काय असते, याचा याहून मोठा दाखला माझ्याकडे नाही.

१९८० चे दशक

या दशकाच्या आगेमागे स्कॉटलंडमधील एडिंबरो, स्वीडनमधील उमेओ आणि नॉर्वेतील ट्रोन्डहाइम येथे पक्षाघाताच्या वेगळ्या कक्षांची शास्त्रशुद्ध चाचणी झाली. तिन्हींत मला ट्रोन्डहाइमचे काम सर्वांत मोलाचे वाटते. १९८६ पासून तेथे २२० रुग्णांना चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागले. ११० नेहमीच्या वॉर्डात, ११० नव्या कक्षात. नव्या कक्षात कोणतेही नवे औषध नव्हते. परिचारिका मात्र एकाच आजारासाठी तयार केलेल्या होत्या. ताप आला की लगेच उतरवायचा, शिरेतून पुरेसे पाणी द्यायचे आणि रुग्णाला शक्य तितक्या लवकर बसते-उभे करायचे, हे ठरलेले होते. डॉक्टर, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट एकत्र बसून ठरवत आणि ठरले ते रात्रपाळीतही तसेच होत असे.

१९९० चे दशक

ट्रोन्डहाइमचे निष्कर्ष डॉ. बेंट इंड्रेडाविक आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये मांडले. सहा आठवड्यांनी नेहमीच्या वॉर्डातील १७.३ टक्के रुग्ण दगावले होते, कक्षातील ७.३ टक्के. त्या मुदतीत घरी पोचलेले नेहमीच्या वॉर्डातील ३२.७ टक्के, कक्षातील ५६.४ टक्के. १९९३ मध्ये पीटर लँगहॉर्न आणि सहकाऱ्यांनी अशा १० चाचण्या आणि १,५८६ रुग्ण एकत्र घेऊन हिशेब केला. पहिल्या काही महिन्यांत मृत्यूची शक्यता २८ टक्क्यांनी घटलेली दिसली. आमच्या वेळी विद्यार्थिनी विचारत, ‘मॅडम, पण उपचार कोणता दिला?’ मी सांगत असे, कक्ष हाच उपचार.

मग डिसेंबर १९९५ मध्ये गुठळी विरघळवणाऱ्या औषधाचा निकाल अमेरिकेतून आला. ६२४ रुग्ण, झटका आल्यापासून ३ तासांच्या आत इंजेक्शन. तीन महिन्यांनी अपंगत्व नसलेल्या किंवा नाममात्र असलेल्या रुग्णांचे प्रमाण औषध घेतलेल्या गटात जास्त. पण मेंदूत त्रासदायक रक्तस्राव होण्याचा धोका ०.६ टक्क्यावरून ६.४ टक्क्यांवर गेला. एका हाताने देणाऱ्या आणि दुसऱ्या हाताने घेणाऱ्या या औषधाने परिचारिकेचे काम एकदम बदलले.

ते कसे, हे जवळून सांगते. औषधाची मात्रा वजनावर: किलोमागे ०.९ मिलिग्रॅम, कमाल ९० मिलिग्रॅम. दहा टक्के एका मिनिटात, बाकीचे तासाभरात. आता अर्धे अंग गेलेला माणूस वजनकाट्यावर उभा कसा करणार? नातेवाईक अंदाजे ‘साठ-पासष्ट असेल’ म्हणतात. शिकलेली सिस्टर आधीच खाटेसकट वजन करायची सोय बघून ठेवते. इंजेक्शनच्या आधी रक्तदाब १८५/११० च्या खाली आणावा लागतो, नंतर २४ तास १८०/१०५ च्या आत ठेवावा लागतो. पहिले २ तास दर १५ मिनिटांनी, पुढचे ६ तास दर अर्ध्या तासाने, मग दिवस पुरा होईपर्यंत तासातासाने नाडी, रक्तदाब आणि मेंदूची तपासणी. चोवीस तासांत ३६ वेळा. या छत्तीस खेपांत कधीतरी रुग्ण म्हणतो, ‘डोकं ठणकतंय’, किंवा मघाशी उचललेला हात आता उचलत नाही. त्या क्षणी ड्रिप थांबवून डॉक्टरांना हाक मारायची आणि सीटीला पळायचे, हा निर्णय खाटेपाशी असलेल्या व्यक्तीलाच घ्यावा लागतो. खाटेपाशी सिस्टर असते.

याच दशकात रुग्ण घरी गेल्यावर काय, हा प्रश्नही हाती घेतला गेला. इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड येथे २४० रुग्णांवर प्रयोग झाला. त्यांतील निम्म्यांकडे विशेष परिचारिका वर्षभर घरी जात होती. १९९६ मध्ये निकाल आला तो बेताचा होता. सौम्य अपंगत्व असलेल्यांना थोडा लाभ, एकूणात स्पष्ट फरक नाही. हा निकालही आपल्या इतिहासाचा भाग आहे. घरभेट चांगलीच असते, पण सदिच्छा घेऊन गेलेल्या भेटीत नेमके काय करायचे, ते ठरलेले हवे, असा धडा मी त्यातून घेतला.

२००० ते २००९

इंग्लंडच्या आरोग्यसेवेत नव्वदच्या दशकाच्या शेवटी ‘सल्लागार परिचारिका’ हे पद निर्माण झाले आणि या दशकात पक्षाघाताच्या विभागांतही अशा परिचारिका दिसू लागल्या. रुग्णवाहिका येत असल्याची सूचना मिळाली की वॉर्ड सोडून अपघात विभागाच्या दारात जाऊन उभे राहायचे, झटका नेमका कधी आला ते नातेवाइकांकडून काढून घ्यायचे, रुग्णाला तपासून गुण द्यायचे, सीटीवाल्यांना फोन करायचा आणि औषध तयार ठेवायचे. फिनलंडमधील हेलसिंकी येथे दारापासून इंजेक्शनपर्यंतचा वेळ १९९८ मध्ये १०५ मिनिटे होता, तो २०११ पर्यंत २० मिनिटांवर आला. तेथे रुग्णवाहिकेच्या स्ट्रेचरवरूनच रुग्ण सीटीकडे नेत आणि औषध तिथेच देत. २००८ मध्ये इंजेक्शनची ३ तासांची मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. वाढलेल्या मुदतीमुळे कोणी सैल पडू नये, ही काळजी सगळ्या चांगल्या कक्षांनी घेतली.

रुग्णाला गुण देण्याच्या मोजपट्टीबद्दल थोडे लिहावेसे वाटते. शून्य ते ४२ गुणांची ही अमेरिकन मोजपट्टी जगभर वापरतात. डोळे कुठे वळतात, चेहरा वाकडा होतो का, हात १० सेकंद आणि पाय ५ सेकंद अधांतरी राहतो का, असे तिचे टप्पे आहेत. त्यात रुग्णाला दोन प्रश्न विचारायचे असतात: महिना कोणता आणि तुमचे वय किती? आपल्याकडच्या एखाद्या आजी जुलैत ‘आषाढ’ म्हणतात. ते अगदी बरोबर असते. वयाचे म्हणाल तर ‘मोठ्या दुष्काळात मी चालत होते’ असे उत्तर मिळते. मोजपट्टीचे नियम आणि आपली माणसे, दोन्ही जाणणारी परिचारिका डॉक्टरांना अशा वेळी नीट सांगू शकते की ही गडबड मेंदूची आहे की प्रश्नाची. हे काम भाषांतरित फॉर्मने होणारे नाही.

मोजपट्टी कोणी लावायची, औषधाची तयारी कोणाच्या शब्दावर सुरू व्हायची, यावरून अनेक ठिकाणी सुरुवातीला चर्चा आणि थोडी ओढाताण झाली. अनुभवाने सर्वांनी एकमेकांना जागा करून दिली, एवढीच नोंद येथे पुरेशी आहे.

वॉर्डातल्या काही जुन्या सवयीही या दशकात मोडल्या. पायात गुठळी होऊ नये म्हणून आपण मांडीपर्यंतचे घट्ट मोजे घालत असू. २००९ मध्ये अडीच हजारांहून अधिक रुग्णांवरील चाचणीने दाखवले की पक्षाघातात त्यांचा उपयोग होत नाही, उलट कातडी सोलवटते. पुढे २०१३ मध्ये पाय हवेने दाबून सोडणाऱ्या पट्ट्यांचा फायदा दिसला. मोजे काढून टाकताना मन कचरले होते, हे मी येथे कबूल करते.

मुंबईत २००५-०६ या दोन वर्षांत डॉ. पी. एम. दलाल आणि सहकाऱ्यांनी शहरातील एका विभागातील वस्तीत पक्षाघाताची पद्धतशीर मोजणी केली. झटका आल्यापासून २८ दिवसांत दर दहा रुग्णांमागे जवळपास तीन दगावत होते. मुंबईसारख्या ठिकाणची ही स्थिती, तर जिल्ह्या-तालुक्याची काय असेल, असा विचार तेव्हा आमच्या सर्वांच्याच मनात आला.

२०१० ते २०१९

आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने हे दशक सर्वांत मोठे.

ऑस्ट्रेलियात सँडी मिडलटन या परिचारिका-संशोधिकेच्या नेतृत्वाखाली न्यू साउथ वेल्समधील १९ पक्षाघात कक्षांत एक चाचणी झाली. त्यात औषध नवे नव्हते, यंत्र नवे नव्हते. ताप, साखर आणि गिळणे, या तीन गोष्टींची जबाबदारी परिचारिकेकडे दिली. पहिले ७२ तास ठरावीक अंतराने ताप पाहायचा आणि ३७.५ अंश सेल्सियसला पोचला की पॅरासिटामॉल द्यायचे. बोटातून रक्त घेऊन साखर पाहायची आणि वाढली तर उपाय करायचा. गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय तोंडाने काही द्यायचे नाही, गोळीसुद्धा नाही. २०११ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. ९० दिवसांनी मृत किंवा परावलंबी असलेल्यांचे प्रमाण नेहमीच्या कक्षांत ५८ टक्के, या कक्षांत ४२ टक्के. पक्षाघातातील फार थोड्या उपायांनी इतका फरक पडलेला आहे. हा निकाल मी प्रथम वाचला तेव्हा चहाचा चमचा हातात धरलेली ती सून माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

गिळण्याची तपासणी तशी पाच-दहा मिनिटांची. रुग्ण जागा आहे ना, हे आधी पाहायचे. त्याला ताठ बसवायचे, मान किंचित पुढे. तोंड आतून पाहायचे, कवळी काढायची, वाळलेला चिकटा पुसायचा. खोकून दाखवायला सांगायचे. मग एक चमचा पाणी. घाटी वर उचलली गेली का, ते बोटांनी बघायचे. पाणी ओठांच्या कडेने ओघळते का? खोकला येतो का? नंतर ‘आ’ म्हणायला लावायचे. आवाज घोगरा, पाण्यातून आल्यासारखा वाटला तर तिथेच थांबायचे आणि खाटेच्या डोक्याशी ‘तोंडाने काही देऊ नये’ अशी पाटी लावायची. राइल्स ट्यूब घालायची वेळ आली तर नातेवाइकांना का, ते बसून सांगायचे. पाटी वाचता न येणाऱ्या आजोबांना आणि डबा घेऊन आलेल्या मुलीला वेगळे सांगायचे. शहाळ्याचे पाणी ‘पाणी’च असते, हेही सांगावे लागते.

२०१४ मध्ये इंग्लंडमधील १०३ कक्षांतील ५६,६६६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शनिवार-रविवारी १० खाटांमागे ३ नोंदणीकृत परिचारिका असलेल्या कक्षांत ३० दिवसांतील मृत्यू कमी होते; दीडच परिचारिका असलेल्या कक्षांत ते स्पष्टपणे जास्त होते. तज्ज्ञ डॉक्टरांचा राउंड सातही दिवस होतो की नाही, याने मात्र मृत्यूंमध्ये ठळक फरक दिसला नाही. डॉक्टर बंधूंचा यात अनादर नाही. ड्यूटी लावताना मनुष्यबळाचा कागद समोर ठेवून झगडणाऱ्या प्रत्येक अधिसेविकेच्या हाती हा अभ्यास असावा, म्हणून तो येथे दिला.

२०१५ मध्ये दोन गोष्टी झाल्या. जांघेतून नळी घालून मेंदूतील मोठी गुठळी ओढून काढण्याचा उपाय चाचण्यांत सिद्ध झाला आणि कॅथ लॅबमधील परिचारिकाही या कुटुंबात आल्या. दुसरीकडे ५ देशांतील २,१०४ रुग्णांवरील चाचणीने दाखवले की पहिल्या २४ तासांतच रुग्णाला जास्त वेळा आणि जास्त वेळ उभे करण्याची घाई हितकारक नाही. ट्रोन्डहाइमपासून आपण ‘लवकर उठवा’ म्हणत आलो होतो. तत्त्व बरोबर होते, मात्रा चुकत होती.

भारतातील १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निकाल २०१७ मध्ये आला. रुग्णाच्या घरच्या माणसालाच व्यायाम आणि निगा शिकवून घरी पाठवले, तर बरे होण्यात फरक पडतो का, हा प्रश्न होता. आपल्या देशासाठी याहून योग्य प्रश्न नव्हता. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत मृत किंवा परावलंबी असलेल्यांचे प्रमाण ४७ टक्केच निघाले. घरच्यांच्या मायेत काही कमी होते, असे मी कधीच म्हणणार नाही. आपल्या सुना-मुली आणि मुलगे जे करतात ते पाहून मी अनेकदा नतमस्तक झाले आहे. पण शिकलेल्या हातांची जागा त्यांच्यावर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही, असाच मी या आकड्याचा अर्थ लावते.

२०२० पासून आजपर्यंत

करोनाच्या काळात अनेक ठिकाणचे पक्षाघात कक्ष बंद पडले किंवा कोविड वॉर्ड झाले आणि तयार परिचारिका तिकडे गेल्या. ती घडी पुन्हा बसवण्यात बराच वेळ गेला.

२०२३ मध्ये, भारतासह १० देशांतील ७,००० हून अधिक रुग्णांवरील चाचणीने मेंदूतील रक्तस्रावातही तोच मार्ग दाखवला. रक्तदाब, साखर, ताप आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा परिणाम, या गोष्टी ठरवून आणि वेळेत ताळ्यावर आणल्या की रुग्ण अधिक बरे होतात. ऑस्ट्रेलियातील ताप-साखर-गिळण्याची पद्धत युरोपातील १७ देशांतील ६४ रुग्णालयांत पोचली आहे. तिला लागते ते थर्मामीटर, साखरेची पट्टी, पाण्याचा पेला आणि शिकलेली परिचारिका. यातले काहीही आपल्या जिल्हा रुग्णालयाला परवडणार नाही, असे नाही.

भारतीय परिचर्या परिषदेने मेंदूविज्ञान परिचर्येचा एक वर्षाचा पदविकोत्तर अभ्यासक्रम आखलेला आहे. अतिदक्षतेतील परिचर्या-व्यवसायीचा अभ्यासक्रमही २०१६ पासून आहे. मोठ्या खासगी रुग्णालयांत स्ट्रोक नर्स नेमल्या जातात आणि उत्तम काम करतात. १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेमुळे महाराष्ट्रात रुग्ण पूर्वीपेक्षा लवकर येऊ लागले आहेत. तरीही कबुतराच्या रक्ताने मालिश करून, अंगारे-धुपारे करून तिसऱ्या दिवशी येणारा रुग्ण मी निवृत्त होईपर्यंत पाहिला. गावात जाऊन चेहरा, हात, बोलणे या तीन खुणा समजावणे हेही आपल्या कामाचाच भाग धरले पाहिजे.

परंतु अडते ते एका ठिकाणी. माझ्या सगळ्या नोकरीत अधिपरिचारिका, परिसेविका, पाठ्यनिर्देशिका, अधिसेविका अशा नेमणुकीच्या ऑर्डरी मी पाहिल्या. ‘पक्षाघात परिचारिका’ अशी एकही पाहिली नाही. एखादी मुलगी दोन-तीन वर्षांत मोजपट्टी, गिळण्याची तपासणी, इंजेक्शनची तयारी यांत तरबेज होते आणि रोटेशनमध्ये तिला नेत्र विभागात पाठवले जाते. जी येते ती पुन्हा पहिल्यापासून शिकते. ज्या रुग्णालयात पक्षाघाताचे रुग्ण नियमित दाखल होतात, तेथे हे पद नावानिशी मंजूर व्हावे आणि प्रशिक्षित परिचारिकेची बदली निदान काही वर्षे होऊ नये, अशी या स्मरणिकेच्या निमित्ताने शासनाला आणि सर्व अधिसेविकांना माझी विनंती आहे.

आणि हे पान वाचणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थिनींना आणि विद्यार्थ्यांना एकच सांगणे आहे. पद मंजूर होईल तेव्हा होईल. आज रात्री आपल्या वॉर्डात पक्षाघाताचा रुग्ण आला तर पहिला घोट देण्याआधी गिळण्याची तपासणी करा, तिची वेळ केसपेपरवर लिहा आणि खाली आपली सही करा.